न उष्टावलेला वाडगा

वाडगा समोर आला की शूचुन आधी डोळे मिटायची आणि वाफ ओढून घ्यायची. चक्रीफूल, आलं, भाजलेल्या घेवड्याचं आंबवलेलं तिखट, हाडांचा गोडसर वास. सगळ्याच दुकानांत थोडाफार हाच वास. तिला हवा होता तो त्याच्या पाठीमागचा, संत्र्याची वाळलेली साल तव्यावर जरा जास्तच करपवल्याचा. तिचे बाबा ती साल करपवायचे, आणि त्यांच्याखेरीज ते जाणणारं एकच माणूस जगात होतं. त्याला शोधायला ती निघाली होती.

"आहे का?" समोर बसलेले च्याव काका तोंडात घास धरून विचारायचे.

"वाटत नाही. तुम्ही सांगा, तुम्हीच खाताय."

काका नूडल्स सुर्रकन ओढायचे, बैलाच्या मांसाचा तुकडा कवळीनं कसाबसा चावायचे, रस्सा घोटभर तोंडात फिरवायचे आणि न्यायाधीशासारखी मान हलवायचे. "हा तुझ्या बापाचा हात नाही. बरा आहे, पण तो नाही."

मग वाडगा मात्र तळापर्यंत संपवायचे.

शूचुनचा वाडगा तसाच राही. देवी कुआनयिनपुढे तिनं शब्द दिला होता, की धाकटा भाऊ वेईरोंग घरी परत येईपर्यंत बैलाचं मांस ओठाला लावणार नाही. तिच्या आईच्या माहेरी कुणी ते खातच नसत. ज्यानं आपला नांगर ओढला त्याला ताटात कसं घ्यायचं, असं ते शेतकरी लोक म्हणत. आईनं तर कांगशानच्या सैनिकी वसाहतीत, नवऱ्याच्या नूडल्सच्या दुकानात, जन्म काढला पण कधी रश्शाचं बोट चाटलं नाही. लांबूनच वाफ हुंगून म्हणायची, "आज मीठ कमी पडलंय हो." आणि ते खरंच कमी असायचं. शूचुननं मात्र लहानपणी आवडीनं खाल्लं होतं. म्हणून तर तिला वाटलं, द्यायचंच तर आवडीचं द्यावं, देवीला नावडतं देऊन काय उपयोग. तेव्हा केस काळे होते तिचे. रोज पहाटे अंघोळ, उदबत्ती, जपमाळ, आणि शेवटी तेच एक मागणं. मागणं तेवढं राहिलं होतं आणि केस पांढरे झाले होते.

आता बाबा अंथरुणाला लागले होते. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, म्हणजे काय ते वसाहतीतल्या पोरालाही समजतं. बाबा फारसं बोलत नसत. एके दिवशी त्यांना पेज भरवताना त्यांनी तिचं मनगट धरलं.

"रोंग कुठे आहे?"

इतक्या वर्षांत हे नाव त्या तोंडून आलं नव्हतं. ज्या दिवशी वेईरोंगनं रश्शात टोमॅटो घालून बघितला, त्या दिवशी बाबांनी भर गिऱ्हाइकांत त्याच्या डोक्यात पळी घातली होती. "मी जिवंत असेपर्यंत या उंबऱ्याच्या आत दिसू नकोस!" रक्त पुसत तो म्हणाला होता, "नाही दिसणार. तुम्ही मेल्यावरच येईन." दोघेही एकाच हाडाचे. दोघांनीही शब्द पाळला.

"आणते त्याला बाबा," शूचुन म्हणाली. "तुम्ही बोलावलंय म्हणून सांगते."

बाबांनी मान हलवली. होकारच होता तो.

पण आणायचा कुठून? धागा एकच होता. वसाहतीतला एक ट्रकवाला पूर्व किनाऱ्यावरून आला की सांगायचा, "तुमच्या बाबांच्या, फेंग आजोबांच्या हातचा रस्सा खाल्ला मी तिकडे! ताईतुंगच्या अलीकडे की पलीकडे, कुठल्याशा टपरीत. झोपेत होतो, गाव काही आठवत नाही." वेईरोंगला दुसरं काही येतही नव्हतं. म्हणून शूचुननं बाबांना वार्तिनीच्या हवाली केलं. वार्तिनी म्हणजे त्यांची शुश्रूषा करायला जावा बेटावरून कामाला आलेली मुलगी. आणि सोबत घेतलं च्याव काकांना. ते बाबांचे पलटणीतले सोबती, अगदी पोरवयात बंदूक उचललेले. दुकान उघडल्यापासून बंद पडेपर्यंत रोज सकाळी पहिला वाडगा त्यांचाच असायचा.

"जीभ माझी, पाय तुझे," निघताना ते म्हणाले होते. "आणि पैसेही तुझेच, आधीच सांगतो."

ताईतुंगच्या अलीकडच्या एका छोट्या गावात ती दोघं उतरली तेव्हा शूचुनला गाडी लागली होती. स्टेशनाबाहेर एक म्हातारी पांढरी चाफ्याची फुलं तारेत ओवून विकत होती. काकांनी एक घेतलं.

"हे नाकाशी धर, बरं वाटेल."

"नाकाशी नको काका, मग वाफेचा वास कसा कळेल?" तिनं ते केसांत खोचलं.

दुकान पत्र्याचं होतं. चार टेबलं, मागे मळका पडदा, पडद्यामागे चूल. मालकीणबाई लान, गोलमटोल, तोंडात सुपारी, वाडगे आपटत ठेवणारी. शूचुननं नेहमीचा प्रश्न विचारला.

"आचारी कांगशानकडचे आहेत का हो?"

"कांगशान? छे! डोंगरातला आहे. लाजाळू आहे मेला, बाहेर येत नाही." लाननं मान वळवून पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुपारी चघळू लागली.

शूचुननं वाफ ओढली. पुन्हा ओढली. साल होती. करपलेली होती. की तिला हवी होती म्हणून होती? केसांतल्या चाफ्याचाही वास मध्येच येत होता.

"काका," तिचा आवाज कापला, "नीट बघा. घाई करू नका."

काकांनी रस्सा तोंडात घेतला. तिखट जरा चढलं असावं, त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. रुमालानं डोळे पुसत त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"नाही," शेवटी म्हणाले. "हा नाही."

"नक्की?"

"अगं, तुझ्या बापाच्या रश्शावर माझे दात पडले. मला नाही कळणार तर कुणाला?"

शूचुननं समोरचा भरला वाडगा रिकाम्या खुर्चीच्या बाजूला सरकवला. खायच्या काड्या शेजारी सरळ ठेवल्या. मग प्रत्येक दुकानात करायची तेच केलं. हात जोडले, डोळे मिटले आणि ज्या जनावराचा जीव तिच्यासाठी शिजून वाया गेला त्याची हळू आवाजात माफी मागितली. पुढचा जन्म चांगला मिळो म्हणाली. वाकून नमस्कार केला आणि निघाली.

"देवी काय इथे बघायला येतेय?" काका बाहेर पडताना पुटपुटले. "एक घोट घेतला असतास तर माझं ओझं हलकं झालं असतं."

"देवी बघते म्हणून नाही काका. मी शब्द दिलाय म्हणून."

"शब्द! तुमचं सगळं घरदार शब्दानंच उपाशी मरायचं."

त्या रात्री ती दोघं पुढच्या गावी एका देवळाच्या धर्मशाळेत उतरली. सकाळी उठून तिनं जप केला, पण करपल्या सालीचा वास नाकातून जाईना.

पुढचं दुकान देवळासमोरच होतं. काकांनी सवयीनं वाडगा ओढला आणि सुरू झाले. शूचुन वाफेवर वाकली आणि झटकन मागे झाली. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा माणूस ओरडला, "अहो, हे काय देताय? आंबलाय रस्सा!" दुसऱ्यानं तोंडातला घास टोपलीत थुंकला. मालक धावत आला, कमरेत वाकून माफी मागू लागला. रात्री चूल विझली होती, कुणाच्या लक्षातच आलं नाही म्हणाला.

च्याव काकांच्या वाडग्यात फक्त तळ उरला होता.

"बरा आहे," ते ओठ पुसत म्हणाले. "मीठ किंचित जास्त. पण हा तो नाही."

मग त्यांनी वर पाहिलं. शूचुन त्यांच्याकडे बघत होती. सगळं दुकान बघत होतं.

"काका," ती अगदी हळू म्हणाली. "कधीपासून?"

काकांनी काड्या खाली ठेवल्या. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "गेल्या हिवाळ्यातला ताप... त्यानंतर काही लागतच नाही जिभेला. गरम की गार, एवढंच कळतं."

"मग आलात कशाला?"

"तू विचारलंस म्हणून. कुणी मला काही विचारून किती दिवस झाले, पोरी? म्हटलं, वास तर तुला येतोच. मी नुसती मान हलवतो. तुझा चेहरा बघून सांगायचो मी. तुझा चेहरा पडला की 'नाही' म्हणायचो."

"काल माझा चेहरा पडला होता?"

काकांनी वाडगा दूर सारला. म्हणाले, "काल तू घाबरली होतीस. मला दोन्ही सारखंच दिसलं."

शूचुन रागावली नाही. रागवायला लागणारा वेळ तिच्याजवळ नव्हता. तिनं पिशवी उचलली आणि स्टेशनची वाट धरली. मागून काका धापा टाकत येत होते, तिनं थांबून त्यांचा हात धरला, एवढंच.

लानच्या दुकानात पोचली तेव्हा दुपारची गर्दी असायला हवी होती, पण टेबलं रिकामी होती. लान स्वतःच चुलीपाशी उभी होती, घामाघूम.

"आज नूडल्स नाहीत हो. आचारी नाही. रस्सा तेवढा आहे, तो लावून गेलाय."

"रस्साच द्या. थोडासा."

लाननं पळीभर रस्सा छोट्या वाटीत ओतून दिला. शूचुननं वाटी दोन्ही हातांत धरली. च्याव काका म्हणाले, "थांब, पोरी. असं करू नकोस. काहीतरी दुसरा उपाय..."

"दुसरा उपाय कालच झाला," ती म्हणाली. मनातल्या मनात देवीचं नाव घेतलं, क्षमा मागितली आणि वाटी ओठाला लावली.

आधी तिखट आलं. मग हाडांचं गोड. मग जिभेच्या मुळाशी, सगळं गिळून झाल्यावर, करपल्या सालीचा कडवटपणा. बाबांचा हात. आणि त्याच्याही मागे अगदी बारीक आंबट काहीतरी. टोमॅटो. अजून घालतोय मेला, डोक्यात पळी खाऊनही घालतोय.

तिनं वाटी खाली ठेवली. "तो कुठे आहे? तुमचा आचारी?"

लाननं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुम्ही कालच्याच ना? हात जोडणाऱ्या?" मग तिचा आवाज उतरला. "मला माफ करा, बाई. कांगशानचं कुणी विचारलं तर नाही म्हणायचं, असं त्यानंच सांगून ठेवलेलं. मला वाटलं पोलिसांचं लफडं असेल. काल तुम्ही गेल्यावर तो भरला वाडगा मी आत नेला. त्यानं माझ्या हातातून घेतला. मला विचारलं, ती वाडग्याला नमस्कार करत होती ना? म्हटलं हो. केसांत पांढरं फूल होतं ना, सुतकातलं? म्हटलं हो. आणि म्हातारा रडत होता? म्हटलं, हो बाबा, डोळे पुसत होता खरा. पडद्याच्या फटीतून त्यानं सगळं पाहिलंच होतं, नुसतं माझ्याकडून वदवून घेतलं."

शूचुनचा हात केसांकडे गेला. फूल कालच सुकून गळलं होतं.

"मग म्हणाला, माझा बाप गेला. त्याच्यासाठी वाडगा मांडून गेली ताई. रात्रभर इथे चुलीपाशी बसून होता. सकाळी रस्सा लावला, डाव्या बाहीला सुतकाचा तागाचा तुकडा टाचला आणि पहिल्या गाडीनं गेला. म्हणाला, आता मला घरी जाता येईल."

शूचुननं फोन काढला. पलीकडे घंटा वाजत राहिली, आणि मग वार्तिनीचा घाबरा आवाज.

"ताई! बरं झालं तुम्हीच केलात! गल्लीच्या तोंडाशी एक माणूस गुडघ्यांवर रांगत येतोय. हातांवर. डोकं आपटतोय रस्त्यावर. मोठ्यानं रडतोय. सगळे शेजारी बाहेर आलेत, कुणी काही बोलत नाही. दार लावू का?"

शूचुनला उभ्या जागी सगळं दिसलं. बाप जाताना जवळ नसलेल्या मुलानं गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत रांगत यायचं असतं, अशी रीत. त्यानं रीत सोडली नव्हती. घरी बाप मात्र वेताच्या खुर्चीत, खिडकीशी, वार्तिनीनं रोजच्यासारखा उन्हात बसवलेला.

"वार्तिनी, पळ! त्याला सांग, बाबा आहेत म्हणावं! आधी तो तुकडा काढायला सांग!"

पण फोनमधून तो हंबरडा आता तिलाही ऐकू येत होता. आणि त्याच्या अलीकडे, अगदी जवळून, बाबांचा घोगरा आवाज.

"कोण मेलं गं?"

वार्तिनी रडत म्हणाली, "ताई, आजोबा विचारतात..."

"त्यांना आत ने!"

मग पुन्हा बाबा, या खेपेला हळू. "हा रोंग आहे. हा माझा रोंग रडतोय." फोन कुठेतरी ठेवला गेला, आणि पलीकडे फक्त रडणं राहिलं, जवळ जवळ येणारं. मग एकाएकी थांबलेलं.

गाडीत काका तिच्या शेजारी बसले. बोगदे आले, समुद्र आला, गेला. काकांनी एकदाच तोंड उघडलं. "माझ्यामुळे."

ती बाहेर बघत राहिली. काका नुसते खोटं बोलले होते. ती तर खरं वागली होती. काल एक घोट घेतला असता तर पडद्याआडून त्याला बहिणीचं खाणं दिसलं असतं, आणि जिवंत माणसांसाठी मांडलेलं जेवण कुणाला चुकूनही श्राद्धाचं वाटत नाही.

घराबाहेर शेजारी घोळक्यानं उभे होते. तिला पाहून बाजूला झाले. उंबऱ्याच्या आत, जमिनीवर, पाठ भिंतीला लावून एक पांढऱ्या केसांचा माणूस बसला होता. गुडघ्यांवर पँट फाटलेली, कपाळ सोललेलं. तिनं त्याला त्याच्या कानांवरून ओळखलं.

"ताई," तो म्हणाला. "तू हात का जोडलेस?"

"बैलासाठी."

त्यानं हसल्यासारखं केलं, आणि ते बघवेना.

बाबा समोरच्या खोलीतल्या पलंगावर उताणे पडले होते. हात पोटावर, डोळे मिटलेले. छाती वरखाली होत होती.

"काय झालं?" तिनं वार्तिनीला विचारलं.

"दादा दारात आले, डोकं वर केलं. आजोबा खुर्चीत. दोघे एकमेकांना बघत राहिले. आजोबांनी बाहीकडे पाहिलं. मग म्हणाले, 'वेळेवर आलास.' मला म्हणाले, मला आडवं कर. आडवं केलं. डोळे मिटले ते मिटलेच. औषध देते तर तोंड उघडत नाहीत. झोपलेले नाहीत, ताई. मला कळतं."

शूचुन पलंगाशी बसली. "बाबा, चूक माझी झाली. तो तुमच्या मरणावर टपून नव्हता बसला. तुम्ही बोलावलंय हे मी त्याला सांगूच शकले नाही. डोळे उघडा ना."

पापणी हलली नाही. राग होता की आणखी काही, ते तिला त्या चेहऱ्यावरून वाचता येईना. तुम्ही मेल्यावरच येईन, असा मुलाचा शब्द होता. आणि मुलगा आला होता. आता बापानं डोळे उघडले तर मुलाचा शब्द खोटा पडणार, आणि त्याचा स्वतःचाही. त्यांना ओळखणाऱ्याला एवढं कळत होतं, की ते उघडणार नाहीत.

संध्याकाळी वेईरोंगनं बंद दुकानाची चूल पेटवली. हाडं च्याव काका बाजारातून घेऊन आले, न सांगता. तो रस्सा लागायला दुसरी दुपार झाली. साल त्यानं बापाच्याच तव्यावर करपवली. टोमॅटो घातला नाही. वाडगा घेऊन तो पलंगाशी आला, गुडघ्यांवर बसला आणि बापाच्या तोंडाजवळ धरला.

"बाबा. खा."

वाफ त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर गेली. नाकपुड्या फुलल्या. गळ्याची घाटी एकदा वर गेली, खाली आली. वेईरोंग श्वास रोखून बघत होता. शूचुननं चमचा ओठाला लावला. ओठ घट्ट. रस्सा हनुवटीवरून ओघळला, तिनं फडक्यानं पुसला.

"मीठ बघा ना बाबा," वेईरोंग म्हणाला. "बरोबर आहे का, तेवढं सांगा. शिव्या द्या. पळी देऊ का हातात?"

वाडगा पलंगाशेजारच्या स्टुलावर राहिला, आणि दिवस कलला तेव्हा बाबा गेले. शेजारच्या बायकांनी गळा काढला. रीतीप्रमाणे सगळे मुलाकडे बघू लागले. पण वेईरोंगला रडू येईना. जेवढं होतं ते काल रस्त्यावर संपलं होतं. कोरड्या डोळ्यांनी तो बाहीवरचा तागाचा तुकडा, जो काढायला सांगायचं राहूनच गेलं होतं, बोटांनी नुसता सरळ करत बसला. लोक आपापसांत कुजबुजले.

माणसं पांगल्यावर शूचुननं स्टुलावरचा वाडगा उचलला. रस्सा गार झाला होता, वर चरबीची साय धरली होती. भाऊ घरी आला होता, देवीनं आपला शब्द पाळला होता. आता तिला खायला मोकळीक होती. ती उंबऱ्यावर बसली आणि एक एक घास खाऊ लागली, नूडल्स, मांस, सगळं.

वेईरोंग येऊन शेजारी बसला. "कसा झालाय?"

तिनं आणखी एक घोट घेतला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

तो उठला, आत गेला आणि मिठाचा डबा शोधू लागला. डबा कुठे असतो ते त्याला आठवत नव्हतं. बराच वेळ नुसता खडखडाट ऐकू येत राहिला.